अफशीनचा नकाशा आणि माझं बोट

कोथरूड, पुणे

प्रिय हिंमतराव यांस शमशुद्दीनचा सलाम.

कात्रजची हवा तुमच्या गुडघ्यांना मानवली असेल आणि मुक्तावहिनी तुम्हाला अजून घरात ठेवत असतील, अशी आशा आहे. आम्ही ठीक. (ठीक नाही, म्हणून तर पत्र. फोन हातात घेतला की जिनत शेजारी येऊन बसते.) आपलं मॅचिंग सेंटर बंद करून दोन वर्षं झाली, तरी बायका अजून साडी घेऊन दारात येतात. मी पाणी विचारून परत पाठवतो.

तर आमच्या अफशीनने कंपनीत एक नकाशा केलाय. शहरातल्या कुठल्या दवाखान्यात खाट रिकामी आहे, ते फोनवर दिसतं. प्रत्येक दवाखाना म्हणजे एक ठिपका, बोट लावलं की नाव-पत्ता उघडतो. चार महिने पोरगी त्यात बुडालीय. सोमवारी तो साहेबांपुढे मांडायचाय. ती म्हणते, माणसाचा डोळा लांबी बरोबर ओळखतो, गोलांच्या आकारात गंडतो, आणि रंगावर तर फार भिस्त ठेवू नये. (रंगावर भिस्त नको म्हणे. मग चौतीस वर्षं आपण काय विकलं, हिंमतराव?) तरी साहेबांच्या हट्टापायी भरलेला दवाखाना लाल आणि रिकामा हिरवा केलाय.

परवा तिने फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, अब्बा, अम्मीच्या छातीत दुखतंय असं समजा, कुठे न्याल? (जिनतने तेवढ्यात आतून, "मला नाही दुखत" असं कळवलं.) मी बघतो तर सगळे ठिपके एकाच मेंदीच्या रंगाचे. बल्बचा उजेड फसवतो, हे आपल्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून नेहमीप्रमाणे माल उजेडात नेला, म्हणजे फोन घेऊन थेट फुटपाथवर. उन्हात तर ठिपकेच गेले, माझं तोंड तेवढं दिसायला लागलं. परत आलो आणि ठोकून दिलं बोट. दवाखाना भरलेला निघाला. दुसरं बोट, तोही भरलेला. तिसऱ्यांदा जिनत म्हणाली, राहू दे, मी रिक्षाने जाते.

अफशीनने हळूच विचारलं, अब्बा, तुम्हाला लाल-हिरवं वेगळं दिसतं ना? आता हे मॅचिंगवाल्याला विचारायचं? मी भडकलो. म्हटलं, तुझं चित्रच चुकलंय, कुणाला काही कळणार नाही. पोरीचा चेहरा पडला. सगळा नकाशा ती मोडायला निघालीय आणि सोमवार चार दिवसांवर आलाय. मला फार अपराधी वाटतं, आणि नक्की काय घडलं तेही नीट कळत नाही.

आपला,
शमशुद्दीन

ता. क. १ : रविवारी या. तिला तुम्हीच सांगा, माझी जीभ रेटत नाही. काल जिनतने विचारलं, हिंमतराव गावी गेले की तुम्ही दुकान बंद का ठेवायचात? मग मला आठवत गेलं. मी एक तागा काढायचो, तुम्ही दुसराच गिऱ्हाइकापुढे उलगडायचात आणि म्हणायचात, "मालकांनी काढून दिलाय."

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी मीच तिला सांगून टाकलं, की चूक चित्राची नव्हे, माझ्या डोळ्यांची. रागावली नाही. भरलेल्या दवाखान्यावर आता फुली टाकणार आहे, म्हणते साहेबांशी भांडेन पण टाकेन. मग विचारलं, अब्बा, इतकी वर्षं तुम्ही रंग ओळखलेत कसे? मी तुमचं नाव सांगितलं. तरी रविवारी याच.