दाराशी ठेवलेली बॅग

ताई,

तू झोपली होतीस म्हणून न उठवताच दुकानावर निघालो. मणक्याच्या ऑपरेशननंतर आज कामाचा पहिला दिवस. पट्टा बांधलाय. कापड बेतताना वाकावं लागू नये म्हणून मालकांनी टेबलाच्या पायांखाली विटा घातल्यात, तेव्हा काळजी नको.

काल तू माझ्या पायात मोजे चढवत होतीस आणि मी खेकसलो, "मी काय कुक्कुलं बाळ आहे? जा तुझ्या घरी." राग पाठीचा होता, निघाला तुझ्यावर. आज बिनमोज्यांचाच चाललोय. बुटांच्या नाड्या तशाच आत कोंबल्यात.

दाराशी तुझी भरलेली बॅग दिसली. उचलून आत ठेवणार होतो, पण वजन उचलायचं नाही असं तूच बजावलंयस. तेवढी तूच आत ठेव.

धाकटा