सृष्टीचा संगणक आणि माझा पाव फेरा

मी, झुंबर कारभारी आहेर, वय चौऱ्याहत्तर, मूळ गाव देवळा, सध्या मुक्काम जेल रोड, नाशिक रोड, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला पाइप फिटर, हे मृत्युपत्र डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे न लागता लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात काही होत नाही. न होवो बापडं, पण लिहून ठेवलेलं बरं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहता फ्लॅट माझ्या स्वतःच्या कमाईचा आहे. तो माझ्यामागे पत्नी कलाबाई हिचा आणि तिच्यानंतर मुलगा संतोष व मुलगी तृप्ती यांचा, निम्मा निम्मा. कलाबाई आहे तोवर तो कोणी विकायचा नाही. "आई, तू आमच्याकडे पुण्याला चल ना," असं गोड बोलूनसुद्धा नाही. संतोष, हे तुलाच लिहिलंय.

२. बँकेतली ठेव कलाबाईची. तिने त्यातून आधी स्वतःचे गुडघे दाखवावेत. चार वर्षं नुसतं "बघू, बघू" चाललंय.

३. माझे पाने आणि पाइप वाकवायचं यंत्र मित्र इनायत शेख याला द्यावं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ तो गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतो, त्याच्याकडे हत्यारांना गंज चढणार नाही. शिडी शेजारचे महेश गायधनी यांना. गेली सहा वर्षं ती तशीही त्यांच्याच गच्चीवर आहे.

४. आता मुख्य कलम. हे लिहायला मला साडेतीन वर्षं लागली.

माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात एका संगणकाचे नवे, मी घेतलेले सुटे भाग आहेत: मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, पंप, पाण्याची टाकी, तीन पंख्यांचा तांब्याचा रेडिएटर आणि पितळी जोड. सोबत चार्ट पेपरवर काढलेला नळ्यांचा आराखडा आहे, कारखान्यात काढायचो तसाच, मापांसकट. हे सर्व तृप्तीची मुलगी, माझी नात सृष्टी हिचं आहे. ग्राफिक्स कार्डासाठी रक्कम वेगळी ठेवली आहे. यादीत त्या कार्डाची ओळ मी कोरी सोडली, कारण त्यातलं मला कळत नाही आणि तिला कळतं.

हे काय खूळ, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढे पळवायचं, याला ओव्हरक्लॉक म्हणतात. पळवला की तो तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर पाणी फिरवायचं. सृष्टीने पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा कलाबाई ओरडली होती, "अगं ए, कंप्युटरमध्ये पाणी घालतेस का काय? येडी झाली का पोरगी!" मला मात्र लगेच पटलं. पाणी आणि पाइप, म्हणजे माझाच धंदा. रेडिएटर तांब्याचा असेल तर त्याच पाण्यात अॅल्युमिनियम आणायचं नाही, नाहीतर आतून खातं, हे पोरीने मला समजावलं तेव्हा मी मनात म्हटलं, वा गं वाघिणी! मे महिन्याच्या उन्हात किती पंखे लागतील याचा हिशोबही तिनेच मांडला होता.

तो पहिला संगणक २०२२ सालच्या उन्हाळ्यातला. दहावीची परीक्षा झाली म्हणून जावई हर्षलरावांनी सगळे भाग घेऊन दिले आणि आम्ही दोघांनी ते इथेच जोडले. प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ठोकळा अॅक्रिलिकचा, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकचा होता. सृष्टीने बजावलं होतं, "आजोबा, जोड फक्त हाताने आवळायचे. पाना लावायचा नाही." पूर्ण एक दिवस टिश्यू पेपर ठेवून नुसतं पाणी फिरवलं, थेंब आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी पाना घेऊन पाव फेरा जास्त दिला. चौतीस वर्षं विमानाच्या पाइपांवर काम केलेल्या माणसाला हाताने आवळलेला जोड बघवत नाही. बारीक कट्‌ आवाज झाला. मी ऐकला आणि दुर्लक्ष केलं.

तिने संगणक चालू केला, पाणी तापलं आणि चीर उघडली. पाणी थेट ग्राफिक्स कार्डावर. सगळं जळलं. हर्षलराव तिला म्हणाले, "एक जोड नीट आवळता येत नाही आणि म्हणे कंप्युटर इंजिनिअर व्हायचंय!" मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. झुंबर आहेरचा जोड गळला, हे मला तोंडाने म्हणवेना. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला कॉमर्सला घातलं. त्यानंतर आमच्याकडे येऊन ती कपाटाच्या खोलीत कधी गेली नाही.

तर मी लेखी कबूल करतो: चूक माझी, सृष्टीची नाही. आजीच्या, मामाच्या आणि आई-बापाच्या देखत हे कलम मोठ्याने वाचावं. तिला संगणकाचं जे शिकायचं असेल ते शिकू द्यावं. असा हुकूम मृत्युपत्रात चालत नाही, असं वकील म्हणाले. न चालू दे, मी लिहिणार. आणि त्या जोडांना तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

५. हर्षलरावांना मी काहीच ठेवलेलं नाही, मुद्दाम. त्यांना साक्षीदार करायचं आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, पण या साक्षीदाराने कलम चार वाचूनच सही करायची आहे.

सहीआधी हाताने घातलेली पुरवणी: हर्षलरावांनी कलम चार दोनदा वाचलं. फोन लावून माझ्या हातात दिला. "सृष्टी, तो पाना मी लावला होता गं," एवढंच मला जमलं. ती म्हणाली, "माहितीये आजोबा. जोडावर पान्याचे ओरखडे होते, मी त्याच दिवशी बघितले." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस पोरी?" ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

लिहून ठेवणार: झुंबर कारभारी आहेर (सही)
साक्षीदार १: हर्षल दत्तात्रय निकम (सही, कलम चार वाचले)
साक्षीदार २: डॉ. वैष्णवी बोरस्ते (सही, लिहून ठेवणारे शुद्धीवर आहेत, रडत आहेत)
ठिकाण: नाशिक रोड. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५