धूळ दिसताच सडा टाकावा

उस्मानपुरा, औरंगाबाद
अक्षय्य तृतीयेच्या आधीचा गुरुवार

ती. भानुमतीआत्यास,

शंतनूचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, एरवी या उन्हात खुशाल असायला माणूस माठात राहायला हवा. तुझा गुडघा कसा आहे? वरदनं ते तेल आणून दिलं का, आणि दिलं असेल तर तू ते गुडघ्याला लावतेस की देवघराच्या दाराच्या बिजागरीला? (मागच्या वेळी हिमानीनं मला सगळं सांगितलं.) फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस, वरद मध्येच बोलतो, आणि मला जे सांगायचंय ते वकिलासमोर सांगण्यासारखं नाही, मग तो आपला असला तरी. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं येतं. वैदेहीनं घरातलं एकही भांडं रिकामं ठेवलेलं नाही. तुझा तांब्याचा बंब आम्ही शोभेला दिवाणखान्यात मांडला होता, तोही भरलेला असतो आणि पाहुणे त्याला टेकून बसले की ती दचकते. तुझ्या चितेगावच्या प्लॉटवरून माझं रोज जाणं-येणं असतं. कुंपण ठीक आहे, बोरीचं झाड तग धरून आहे, विहिरीची काळजी नसावी. नाशकात आखितीच्या उदककुंभासाठी मातीची घागर मिळाली का? दरवर्षी लक्ष्मणकाकांच्या नावानं तू ती देतेस, या वर्षी गुडघ्यामुळं बाजारात जाणं झालं नसेल असं मनात आलं.

मला ही नोकरी लागली तेव्हा तू विचारलं होतंस, की रस्ता करणाऱ्यांनी पर्यावरण अधिकारी ठेवायचा म्हणजे लग्नाच्या पंगतीत कडक उपासाचा माणूस बसवायचा, तो तिथं करणार काय? त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. पैठण रस्ता रुंद होतोय. त्यात जी धूळ उडते, जो आवाज होतो, जी झाडं जातात, त्या सगळ्यावर मी लक्ष ठेवायचं, दर महिन्याला अहवाल द्यायचा आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर साहेबांना सांगायचं. साहेब (सत्यम सर, वयानं माझ्याहून लहान, पण त्यांच्या केबिनमध्ये एसी आहे) मग मला सांगतात की आकडा मर्यादेत आणा. धूळ बसवायचा उपाय तसा साधा आहे. खोदलेल्या रस्त्यावर टँकरनं पाणी मारत राहायचं. याला साइटवर सगळे स्प्रिंकलिंग म्हणतात आणि टँकरचा ड्रायव्हर पुंडलिक शिंपलिंग म्हणतो. आता मी पडलो मराठीच्या मास्तरीणबाईंचा भाचा. मला ते ऐकवेना. मी मोठ्या अक्षरात एक फलक रंगवून घेतला आणि कामाच्या तोंडाशी लावला: 'धूळ दिसताच सडा टाकावा.' शिंपडावे, फवारावे, असे दोन-तीन शब्द मनात आले होते, पण सडा हा शब्द मला घरचा वाटला. सत्यम सरांनी फलकासोबत फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला. तू पाहिला असतास तर तुलाही बरं वाटलं असतं, निदान ऱ्हस्व-दीर्घ तरी तपासलं असतंस.

आता यंत्राबद्दल. धूळ मोजायचं यंत्र म्हणजे डोक्यावर छप्पर असलेला लोखंडी डबा. तो दिवसभर घूं घूं करत हवा आत ओढतो आणि धूळ आतल्या कागदावर जमा होते. ते उंचावर ठेवायचं असतं आणि त्याला वीज लागते. चितेगावच्या पुढं रस्त्याला लागून जी वस्ती आहे, तिथल्या भागूबाईंचा ओटा पुरुषभर उंच आहे आणि त्यांच्याकडे मीटर आहे, म्हणून यंत्र तिथं बसवलं. भागूबाईंनी त्याच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं आणि पाहुणा किती दिवस राहणार एवढंच विचारलं. त्यांचे यजमान कडुबा यांनी मात्र आनंदानं बाज ओढून यंत्रासमोर टाकली. दोन दुपारी त्यांनी तिथं काढल्या आणि मग मला गाठून म्हणाले, "साहेब, तुमचा कूलर बिघडलाय. हवा सोडीना, वढून घेतोय." मी त्यांना समजावलं की त्याचं कामच ते आहे. त्यावर ते खूप विचार करून म्हणाले, "मंग घरात आणखी एक घेणाराच आला म्हणायचा."

तर आत्या, पहिल्या महिन्यापासून धुळीचे आकडे असे काही सुरेख येऊ लागले की मलाच माझ्याबद्दल आदर वाटायला लागला. समोर रस्ता उकरलेला, खडीचे डंपर धावताहेत, वर मराठवाड्याचा दुष्काळ, आणि माझा आकडा म्हणजे जणू महाबळेश्वर. हेड ऑफिसनं कौतुकाचं पत्र पाठवलं. शहरातल्या एका हॉटेलात माझं भाषण ठेवलं. मी 'धूळ नियंत्रणात लोकभाषेचे महत्त्व' या विषयावर बोललो (हो, खरंच बोललो) आणि सगळं श्रेय त्या फलकाला दिलं. मला गुच्छ मिळाला. वैदेहीनं तो नेमका त्या दिवशी रिकाम्या असलेल्या एकुलत्या एका बादलीत ठेवला आणि रात्री नळ आला तेव्हा काढून फेकला. या सगळ्या काळात रस्त्याकडे माझं लक्ष नव्हतं असं नाही. रस्ता मला कोरडा दिसायचा, पण उन्हात पाणी लगेच उडून जात असेल अशी मी समजूत करून घेतली. कंपनीची बोअर होळीच्या तोंडावर आटली होती. पुंडलिक टँकर कुठून तरी भरून आणत होता. कुठून, ते मी विचारलं नाही, कारण आकडे छान होते.

मग बाहेरून तपासणीला एक साहेब आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बूटसुद्धा फिकट. ते गाडीतून उतरून रस्त्यानं वस्तीपर्यंत चालत गेले आणि पोचले तेव्हा पिंडीवर भस्म चढवावं तसे दिसत होते. त्यांनी यंत्राचा आकडा वाचला, मग स्वतःच्या बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाही झटकली, तेव्हा जी धूळ उडाली ती माझ्या महिन्याभराच्या अहवालात मावली नसती. ते गेल्यावर मी पुंडलिकला बोलावलं आणि टँकर कुठं रिकामा करतोस असं सरळ विचारलं. तो गडबडला नाही. माझ्या फलकाकडे बोट करून म्हणाला, "बोर्डावर तुम्हीच लिव्हलंय ना साहेब. सडा कुठं टँकरनं असतो व्हय? सडा तांब्याभर पाण्याचा असतो, दारापुढं. तेवढा रोज पडतोय, एक दिवस खाडा नाय. उरलेलं पाणी वस्तीवर देतो."

मी तसाच भागूबाईंच्या दारात गेलो. ओट्याच्या चारी अंगाला ओलसर, शेणानं सारवलेलं, वर रांगोळीची दोन बोटं. यंत्राच्या चहूबाजूंनी सकाळ-संध्याकाळ सडा. म्हणजे मी इतके दिवस रस्त्याची हवा मोजत नव्हतो, भागूबाईंच्या अंगणाची मोजत होतो. प्रत्येक घरापुढं निळी पिंपं ओळीनं भरलेली होती आणि त्यांवर ओली फडकी बांधलेली. मी आवाज चढवला, हे कबूल करतो. ते रस्त्याचं पाणी आहे, असं म्हणालो. भागूबाई हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "रस्ता काय पाण्याबिगर मरायला लागलाय व्हय? पुंडलिक म्हणला, यंत्राला साफ हवा लागती, नायतर साहेबाची नोकरी जाईल. म्हून मी सडा टाकते. त्यो बी आंघोळीच्या पाण्याचा, प्यायचा नाय. तुमच्यासाठी आणखी काय करावं?" माझी नोकरी एक बाई आंघोळीच्या पाण्यावर सांभाळत होती आणि मी हॉटेलात भाषणं देत होतो.

मला वाटलं होतं, इथवर आलं की गोष्ट सोपी होईल. माणसं तहानलेली असताना रस्त्याला पाणी पाजायचं ही मूर्खपणाचीच गोष्ट, तेव्हा गप्प बसावं. तेवढ्यात भागूबाईंची नात संस्कृती शाळेतून आली. दप्तर ठेवलं, पिंपातलं पाणी घटाघट प्यायली आणि मग खोकायला लागली. तो खोकला थांबेचना. भागूबाई तिची पाठ चोळत राहिल्या, मला म्हणाल्या, "ह्ये शिमग्यापासून हाये." ती पोर ज्या रस्त्यानं शाळेत जाते त्या रस्त्याची धूळ मी मोजलीच नव्हती. आत्या, तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. एकाच टँकरचं पाणी. ते पिंपात पडलं तर तिला प्यायला मिळतं आणि रस्त्यावर पडलं तर तिला श्वास मिळतो. नियम करणारा काही मूर्ख नव्हता आणि पुंडलिकही चोर नव्हता. मला दोघांचंही पटत होतं आणि सही मात्र एकट्याची करायची होती.

मी यंत्र उचलून शाळेच्या गच्चीवर नेलं. (कडुबांना वाईट वाटलं. घूं घूं नसल्यानं त्यांना दुपारची झोप लागत नाही.) आकडा आला तो असा, की सत्यम सरांनी यंत्र दुरुस्तीला पाठवायला सांगितलं. मी तो आकडा आहे तसा अहवालात लिहिला आणि खाली पाणी मारण्याचं काम अपुरं पडलं असंही लिहिलं. पाणी गेलं कुठं, ते लिहिलं नाही, आणि देवाच्या दयेनं कुणी विचारलं नाही. माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला. त्या खुलाशात मी एक मार्ग सुचवला. शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून जे पाणी बाहेर पडतं ते पिता येत नाही, पण रस्त्याला चालतं. दुष्काळात रस्त्यावर चांगलं पाणी ओतणं तसंही शोभत नाही, असं वाक्य घातलं आणि ते हेड ऑफिसला आवडलं, कारण ते भाषणात वापरता येतं. सोमवारपासून टँकर तेच पाणी मारतो. थोडा वास येतो, जाणारे-येणारे नाक धरतात, पण धूळ बसली आहे. काल संस्कृती खोकली नाही असं भागूबाई म्हणाल्या, जरी त्या माझ्याशी अजून तुटकच बोलतात. फलकही मी बदलला. आता त्यावर 'पाणी मारा' एवढंच लिहिलंय.

तुटक का बोलतात ते तुझ्या लक्षात आलं असेल. टँकरमध्ये सांडपाणी आलं, तेव्हा वस्तीची पिंपं रिकामी झाली. सरकारी टँकर येतो, पण ते पाणी स्वयंपाकापर्यंत पुरतं, पुढं नाही. मी खरा आकडा लिहिला, पोरीचा खोकला थांबवला आणि तिच्या घरचं पाणी बंद केलं. बाकी सर्व ठीक. वरदला आशीर्वाद, हिमानीला वैदेहीचा नमस्कार, तुझ्या गुडघ्याला आराम पडो.

तुझा भाचा,
शंतनू

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. तुझ्या प्लॉटवरच्या विहिरीला पाणी आहे. काकांनी ती खोल खणून घेतली होती आणि ते गेल्यावर कंपन्यांचे टँकर चोरून पाणी नेतात म्हणून तू जाळी बसवून कुलूप लावलंस. ते कुलूप मीच गुलमंडीवरून आणलं होतं आणि तू मला ते पुन्हा पुन्हा ओढून बघायला लावलं होतंस. वस्तीवाल्यांचा ट्रॅक्टर आहे, ते स्वतः पाणी नेतील, पावसाळ्यापर्यंत. तुझी परवानगी हवी. वरदला नंतर सांग.

ता. क. २. किल्ली शोधत बसू नकोस. कुलूप होळीच्या आसपासच गेलं. कंपनीची बोअर आटल्यावर पुंडलिक टँकर कुठं भरत होता, ते मी परवा शेवटी विचारलं. म्हणजे कंपनीचं पाणी वस्तीला जातंय म्हणून मी भागूबाईंशी तावातावानं बोललो, पण ते पाणी कंपनीचं नव्हतंच, तुझं होतं. विहिरीची काळजी नसावी असं मी वर लिहिलंय ते या अर्थानं, की काळजी करण्याची वेळ निघून गेली आहे. तू 'हो' लिहून पाठवलंस तर होळीपासून गेलेलं सगळं पाणी दान होईल. नाही म्हणालीस तर चोरी. दोन्ही तुझ्या हातात आहे, आणि दुसऱ्यात माझंही नाव येईल.

ता. क. ३. हे भागूबाईंनी लिहायला सांगितलंय, शब्द त्यांचेच ठेवतो. "तुमच्या आत्याला म्हणा, ती हीर खांदताना मुरूम म्या वाहिलाय. पाणी लागलं तवा लक्ष्मणरावांनी पहिली घागर माझ्याच डोक्यावर दिली व्हती. कुलूप बघितलं आन् मागायला जीव झाला नाय. आखितीला आमी त्यांच्या नावानं घागर भरतो, दरसाल. औंदा भरायला पाणी तेवढं धाडा."