झाकण वाजेपर्यंत

मंगळवार, ता. १४, दुपार

चि. ठमी हिला बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. रागावून लिहीत नाही. तुझ्या जागी मीही उचलला नसता. पत्राचं एक बरं असतं, नको वाटलं तर मिटून ठेवता येतं.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, ते त्यांचं कामच आहे. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर लोखंडी बाकावर बसून लिहितोय. समोरची भिंत आपल्या छापखान्यासारखी मळकट हिरवी आहे. तिथे मी शाळेच्या पुस्तकांतल्या कविता शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून लावायचो, उलट्या अक्षरांत. अजूनही एखादी ओळ आठवली की आधी उलटी दिसते, मग सुलट होते.

त्यातल्या लढाईच्या कवितेचा एक कच्चा कागद मी घरी आणला होता, आठवतं? दादा पेटीवर उभा राहून घसा फोडून ती म्हणायचा आणि उशा कापत सुटायचा. तू एवढीशी. पण लढाई कधी थांबायची हे तुझ्या हातात. डब्याचं झाकण चमच्याने बडवून तू ओरडायचीस, "पुरे रे दादा!" की सेनापती जागच्या जागी पुतळा. उगारलेला हातसुद्धा तसाच हवेत. हसून हसून माझं पोट दुखायचं.

असो. भिंतीच्या रंगावर किती वेळ बोलत राहणार?

दादा आत आहे, अतिदक्षता विभागात. उजवा हात सुजला होता. "लेथवर पत्र्याने कापलं" म्हणाला आणि फडकं गुंडाळून कामावर गेला. रविवारी हात कोपरापर्यंत काळानिळा पडला, ताप चढला, बडबड सुरू झाली. इथे आणेपर्यंत रक्तदाब ढासळला होता. डॉक्टरीणबाईंनी हात बोटांच्या सांध्यांपासून वरपर्यंत उभा चिरला. पुवाचा वास दाराबाहेर माझ्यापर्यंत आला. मधलं बोट काढून टाकावं लागलं. आता घशात नळी आहे आणि शुद्ध नसतानाही तो हातपाय झाडतो. एका सिस्टरच्या पोटात लाथ बसली, म्हणून पट्ट्यांनी बांधून ठेवलाय.

मी बाईंना विचारलं, "औषधाने जंतू मरतायत ना? मग मूत्रपिंडं का बंद पडतायत?"

"आजोबा, जंतूंपेक्षा आता त्याची स्वतःचीच फौज जास्त नासधूस करतेय."

"म्हणजे हो काय?"

"शरीरात जन्मापासून पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्यांना चेहरा कळत नाही. कुठे इजा झाली, कुठे जंतू घुसला, एवढी खूण दिसली की धावत सुटतात. चौकशी नाही, काही नाही. स्वतःला फोडून घेतात, विष ओततात, त्यात शेजारची धडधाकट घरंही जळतात."

"मग थांबतात कधी?"

"त्यांच्यातल्याच काही मोठ्या पेशी मेलेल्यांना गिळून जागा साफ करतात आणि निरोप सोडतात, झालं, आता पुरे. तिथून जखम भरायला लागते. तुमच्या मुलाच्या अंगात तो निरोप कोणी ऐकतच नाहीये."

मी चिडून म्हणालो, "मग मारून टाका की त्या सगळ्या!"

"मग जंतूंना रान मोकळं. त्या हव्यातच, आजोबा. फक्त वेळेवर थांबायला हव्यात."

ठमे, मला त्या दिवशीचं तुझं स्वयंपाकघर दिसलं. तुझ्या कपाळावरचं टेंगूळ दिसलं. तू म्हणालीस, "अरे, फळीचा कोपरा लागला." दादा म्हणाला, "सगळ्या बायका हेच सांगतात." चौकशी नाही, काही नाही. जावईबापू चहाचा कप घेऊन "या, या" म्हणत बाहेर आले आणि पहिला ठोसा तोंडावर बसला. मग दुसरा, तिसरा. खाली पडल्यावरही केस धरून डोकं उचलायचा आणि मारायचा. फरशीवर चहा कुठला आणि रक्त कुठलं, कळेना. जबड्याचं हाड मोडलं ते मला दारातून ऐकू आलं, वाळकी फांदी मोडावी तसं. तू ओरडत होतीस, "पुरे रे दादा, पुरे!"

या वेळी पुतळा झाला नाही.

तू जावईबापूंना इस्पितळात घेऊन गेल्यावर ती फळी मी पाहिली. कोपऱ्याला तुझे केस चिकटलेले होते.

पोलिसांना दादा म्हणाला, "मी तिथे नव्हतोच." मला म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त गप्प बसा." बसलो. पण काल डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, "पत्र्याने असं होत नाही. खरं सांगा, कशाने लागलं? औषध त्यावर ठरेल."

मी सांगितलं, "दाताने. माणसाच्या. ह्याने माझ्या जावयाच्या तोंडावर ठोसा मारला. मी तिथे होतो."

त्यांनी औषध बदललं, जखम पुन्हा उघडली. सांध्यात दाताचा टवका रुतलेला होता. तो आता छोट्या बाटलीत पोलिसांकडे आहे. माझा जबाबही. दादा वाचला तर मला बाप म्हणेल की नाही, कोण जाणे.

सिस्टर म्हणाली, ओळखीचं काही ऐकवा. मी लढाईची कविता म्हटली. चूकच झाली, तो आणखी झाडायला लागला. ती संपवायची कशी हे मला कधी आलंच नाही, ते तुझं काम होतं.

त्याला माफ कर म्हणत नाही. तक्रार मागे घे, असंही म्हणत नाही. घेऊ नकोस. एकदा येऊन जा, एवढंच.

बाकावर तुझी जागा धरून बसलेला,
बाबा


रविवार, ता. १९, सकाळ

चि. ठमे,

तू आली नाहीस. जावईबापू आले.

जबडा तारांनी आवळलेला, डोळ्यांखाली अजून पिवळं. आत जाताना दारातच थबकले. बांधलेल्या माणसालाही ते भीत होते. हातातल्या पिशवीतून त्यांनी झाकण काढलं. तेच, कडेला पोचा गेलेलं. आणि चमचा. "पुरे" म्हणायला त्यांचं तोंड उघडत नव्हतं, म्हणून त्यांनी नुसतं वाजवलं.

सिस्टर धावत आली, "अहो, हे इस्पितळ आहे की शाळा?"

ताप परवापासूनच उतरत होता, नव्या औषधाने, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तसंच असेल. पण पट्ट्याला हिसका देणारा हात उचललेला तसाच थांबला, ठमे. मग डोळे उघडले. दादाने आधी त्यांच्या दातांवरच्या तारा पाहिल्या, मग आपलं बँडेज. त्याच्या घशात नळी, ह्यांच्या तोंडाला तारा. दोघांपैकी कोणाला काही बोलता येईना. जावईबापूंनी झाकण उशाशी ठेवलं आणि मागे न पाहता गेले. तक्रारीचं मी विचारलं नाही.

आज पहाटे नळी निघाली. आवाज खरवडल्यासारखा आहे. त्याने विचारलं, "बाबा, फळीच होती?"

"फळीच होती."

त्याने झाकणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोलिसांना बोलवा. मी तिथे होतो म्हणून सांगतो."

ते आता येतीलच. झाकण मी धुऊन पुसून ठेवलंय, न्यायला कधीही ये.

तुझा, आणि अजून त्याचाही,
बाबा