माझ्या नावाने जोडलेले दोन अभिप्राय रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. श्रेणीनिर्धारण अधिकारी,
शुश्रूषा केंद्रे नोंदणी व तपासणी विभाग.

अर्जदार : रुग्णाची धाकटी बहीण, वय ५९, सेवानिवृत्त पर्यवेक्षक, रुग्णालय धुलाई विभाग.

विषय : दोन शुश्रूषा केंद्रांविषयीचे माझे अभिप्राय एकमेकांच्या जागी लावल्याने झालेला अन्याय दूर करण्याबाबत.

संदर्भ : १) नोंदणी क्र. ११८ (चौथ्या मजल्यावरील केंद्र) यास 'अ' श्रेणी देणारा आपला आदेश.
२) नोंदणी क्र. ४३ (अंगणाचे घर) यास नवीन रुग्ण घेण्यास मनाई करणारी व महिनाअखेर बंद करण्यास सांगणारी आपली नोटीस.

महोदय,

१. या दोन्ही कागदांच्या मुळाशी माझे नाव आहे, म्हणून हा अर्ज मलाच करावा लागत आहे. अर्ज लांबला आहे याची जाणीव आहे. तरी तो पूर्ण वाचावा ही विनंती.

२. माझी थोरली बहीण, वय ६९, हिला फेब्रुवारीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजते मात्र सगळे. आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई एकोणीस. माझी वेणी घालण्यापासून मला नोकरीला लावण्यापर्यंत सगळे तिने केले. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, माझी कंबरही आता साथ देत नाही. तिला एकटीने उचलणे मला जमत नाही. तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, चार तासांच्या अंतरावर नोकरीला आहे. तेव्हा शुश्रूषा केंद्र पाहणे भाग होते. भाचा मला म्हणाला, "मावशी, तू आयुष्यभर दवाखान्यात काढलंस. तुला कळतं ते आम्हाला नाही कळणार. तू बघ, तू सांगशील तिथेच आईला ठेवू." या वाक्याने मला फार बरे वाटले होते, हे येथे नमूद करते.

३. त्यानुसार मी मार्च महिन्यात सहा केंद्रे पाहिली. प्रत्येक ठिकाणी दोनदा गेले, एकदा कळवून आणि एकदा न कळवता. एकतीस वर्षे मी रुग्णालयाच्या चादरी धुऊन घेतल्या आहेत. चादर खोटे बोलत नाही. माणूस किती वेळ ओल्यात पडून होता, त्याला कोणी वळवले की नाही, टाच कुठे घासली, हे चादरीवर दिसते. शिवाय घंटा वाजवल्यावर कोणी किती मिनिटांत येते, पाण्याचा पेला हाताला लागतो का, आणि चष्मा ज्याचा त्याच्या नाकावर आहे का, हेही मी पाहिले आणि दोनशे पानी वहीत लिहून ठेवले.

४. चौथ्या मजल्यावरील केंद्राविषयी मी लिहिले होते, ते असे : वरची चादर कडक इस्त्रीची, खालची ओली. घंटेची दोरी वर भिंतीला गुंडाळून ठेवलेली. सगळ्यांचे चष्मे एका खणात, सकाळी ज्याला जो मिळेल तो. दुसऱ्या खेपेला न कळवता गेले, तेव्हा अर्धा तास दाराबाहेर थांबवले आणि आत कसलीशी धावपळ ऐकू आली. शेवटी लिहिले होते, "येथे आपले माणूस ठेवू नये."

५. अंगणाच्या घराविषयी लिहिले होते, ते असे : इमारत जुनी, अकरा खाटा, रंग उडालेला. चादरींना ठिगळे आहेत, पण प्रत्येक चादर कोरडी. प्रत्येकाच्या चष्म्याला वेगळ्या रंगाचा दोरा. आवारात पेरूचे झाड आहे, दुपारी चालती माणसे त्याच्या सावलीत बसवतात. तिथे एक आजोबा रुमालांच्या घड्या घालत होते. त्यांना मी हळूच विचारले, "इथे बरं आहे का हो?" ते म्हणाले, "हाक मारली की सिस्टर आधी ओरडतात. पण येतात. आधी होतो तिथे कोणी ओरडतही नव्हतं." त्या दिवशी मी ठरवले की ताई इथेच राहील.

६. भाचा वही घेऊन गेला. म्हणाला, "टाइप करून ठेवतो, वही फाटेल." आठ दिवसांनी फोन आला की अंगणाच्या घरात जागा नाही, नाइलाजाने आईला चौथ्या मजल्यावर ठेवले आहे, काही महिन्यांचाच प्रश्न आहे. मी कुरकुर केली, पण मुलगा तो आहे, मी मावशी. गप्प बसले. दर रविवारी जात राहिले. भेट समोरच्या हॉलमध्ये, ताई चाकाच्या खुर्चीत, अंगावर धुतलेला गाऊन, केस विंचरलेले. ती माझा हात घट्ट धरून ठेवी आणि माझी निघायची वेळ झाली तरी सोडत नसे. मला वाटे, माया आहे.

७. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी हॉलमध्ये रंगकाम होते म्हणून मला आत खाटेपाशी जाऊ दिले. मी सवयीने चादर मागे केली. ताईच्या माकडहाडावर माझ्या तळहाताएवढी जखम होती. ती एका आठवड्याची नव्हती. मी तशीच व्यवस्थापकांकडे गेले. ते उठले नाहीत की दचकले नाहीत. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. "बाई, तुम्हीच तर आमची एवढी स्तुती लिहिलीत. फ्रेम करून लावलंय आम्ही." भिंतीवर माझ्या नावाचे टाइप केलेले पत्र होते. त्यात कोरड्या चादरी होत्या, रंगीत दोरे होते. रुमालवाले आजोबा होते. आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या केंद्राच्या आवारात पेरूचे झाडही होते.

महोदय, आपल्या विभागाच्या तीन माणसांच्या सह्या त्या पत्राच्या आधारे केलेल्या तपासणी अहवालावर आहेत. चौथ्या मजल्यावर झाड कसे उगवले, असा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही.

८. तिथून मी थेट अंगणाच्या घरी गेले. तिथल्या सिस्टर चिडतील अशी माझी तयारी होती. कशाबद्दल ते मला अजून ठाऊक नव्हते, पण काहीतरी घडले असणार एवढे कळले होते. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी आपली नोटीस माझ्यापुढे ठेवली. सोबत जोडपत्र होते, त्यावरही माझे नाव. ओल्या चादरी, गुंडाळलेली दोरी, एका खणातले चष्मे, आणि शेवटी "येथे आपले माणूस ठेवू नये." सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही दोनदा आलात. दुसऱ्यांदा तर न सांगता आलात, तेव्हा मी मुलींना म्हटलं, या बाई खऱ्या बघणाऱ्या आहेत, यांच्यापासून काही झाकू नका. असं काय वाईट केलं होतं हो आम्ही तुमचं?" मी त्यांना ताईसाठी जागा होती का, एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, "मार्चपासून तीन खाटा रिकाम्या होत्या. तुमच्याकडून कोणी विचारायलाच आलं नाही."

९. भाच्याला मी फोनवर विचारले. आधी तो नाही म्हणाला, मग सगळे सांगितले. आपल्या अभिप्राय नमुन्यात किमान दोन केंद्रांची तुलना मागितली आहे. त्यात चौथ्या मजल्यावरील केंद्राला चांगले म्हणणाऱ्या कुटुंबाला तिथे खाट लवकर मिळत होती. त्याने माझे लिखाण शब्दाला शब्द ठेवले आणि नोंदणीच्या आकड्यांची तेवढी अदलाबदल केली. "मावशी, तिथे कॅमेरा आहे. मला ऑफिसातून फोनवर आई दिसते. त्या पडक्या घरात काय होतं? आणि मला वाटलं कागद फायलीत पडून राहतील. ते घर बंद करतील असं कुणाला वाटलं होतं?" मी म्हटले, "माझं नाव का घातलंस?" तो म्हणाला, "तू घरचीच ना. परक्याचं नाव कसं घालणार?"

त्याला रोज दिसत होती ती वरची इस्त्रीची चादर. तो रोज पाहत होता, हे मी नाकारत नाही. त्याचे आईवर प्रेम नाही असेही माझे म्हणणे नाही. पण त्या केंद्रात जागा राखून ठेवण्याच्या अर्जावर तीन मार्च ही तारीख आहे, आणि मी पहिले केंद्र पाहायला गेले ते सहा मार्चला. म्हणजे मी कंबरेला पट्टा बांधून सहा केंद्रांचे जिने चढत होते, तेव्हा निर्णय होऊन गेला होता. मावशीला काहीतरी करायला दिले होते, इतकेच. परक्याने फसवले असते तर मी भांडले असते. याला मी मांडीवर खेळवले आहे. केसाने गळा कापणे म्हणतात ते काय, ते मला या वयात कळले.

१०. आपल्या कार्यालयात मी आजवर पाच वेळा आले. पहिल्यांदा सांगण्यात आले की स्वतःच्याच अभिप्रायाविरुद्ध तक्रार करण्याचा नमुना उपलब्ध नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा साहेब दौऱ्यावर. चौथ्यांदा मूळ हस्तलिखित मागितले. वही भाच्याकडे होती, आता तो म्हणतो सापडत नाही. माझी तयारी आहे की आपण मला कोणाही अधिकाऱ्यासमोर बसवावे, सहाही केंद्रांचे टिपण मी आठवून लिहून देईन, आणि मग त्यांनी जाऊन कोणते वाक्य कुठे लागू पडते ते डोळ्यांनी पाहावे. पाचव्यांदा आपल्या लिपिकांनी सांगितले की रुग्णाच्या मुलाचे नाव गोवले जात असल्याने रुग्णाची संमती लागेल. बोलता येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा चालेल.

११. संमतीचा कागद आणि शाईची डबी घेऊन मी ताईकडे गेले. तोवर तिला मी काही सांगितले नव्हते. त्या दिवशी पहिल्यापासून सगळे सांगितले. ती डोळे मिटून ऐकत होती. ऐकता ऐकता तिने डावा हात उचलला. मला वाटले, अंगठा देते आहे. तिने तो हात माझ्या तोंडावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी समजले. ती आई आहे.

१२. सध्या मी रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा त्या केंद्रात बसते आणि दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवते. रात्रीचे मला माहीत नाही. तिला अंगणाच्या घरी हलवायचे तर आपली मनाई आड येते, आणि ती मनाई माझ्याच नावावर उभी आहे. त्या घरातील माणसांना तीस तारखेला कुठे पाठवणार, हे नोटिशीत लिहिलेले नाही. त्यांतल्या काहींना चौथ्या मजल्यावर पाठवण्याचा विचार असल्याचे कानावर आले आहे.

१३. तरी माझ्या नावाचे दोन्ही अभिप्राय आजच्या तारखेने रद्द करावेत. अंगणाच्या घरावरील नोटीस व मनाई तीस तारखेपूर्वी उठवावी. आणि दोन्ही ठिकाणी न कळवता जाऊन चादर मागे करून पाहावी. भाच्यावर काय कारवाई करायची ते आपण ठरवावे. त्याबाबत मी काही मागत नाही, आणि त्याला सोडा असेही म्हणत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
रुग्णाची धाकटी बहीण
दिनांक : १७ नोव्हेंबर

सोबत :
१) चौथ्या मजल्यावरील भिंतीवरच्या पत्राचे छायाचित्र.
२) अंगणाच्या घराच्या आवाराचे छायाचित्र, झाडासह.
३) जखमेबाबत डॉक्टरांचा दाखला.
४) जागा राखून ठेवल्याच्या अर्जाची प्रत, दिनांक ३ मार्च.
५) रुग्णाचे संमतिपत्र : कोरे जोडले आहे. तिने संमती दिलेली नाही. मी तिच्या मनाविरुद्ध हा अर्ज करीत आहे, आणि तिला तसे सांगून आले आहे.