मार्लिसचं वजन

माइल्स सिटी, ऑक्टोबर

प्रिय कॅरिन,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुम्ही अजून 'आम्ही' का म्हणता?" मी हवापाण्याचं काहीतरी बोललो. आज उत्तर लिहितोय. पत्रात मला मध्येच कोणी अडवणार नाही.

कॅम्पर पिकअपच्या पाठीवर चढवून झालाय. गादी, शेगडी, फ्रिज, सगळं आत आहे. पण पिकअपच्या दारावरची पट्टी सांगते, माणसं धरून ३,०१० पौंडांच्या वर लादू नका. विकणारा म्हणाला होता, "कॅम्पर २,१९०चा आहे, बिनधास्त जा." हे लोक नेहमी रिकामा आकडा सांगतात. पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, पांघरुणं धरली की २,७२० होतात. उरले २९०. मी २०५, तुझी आई १३१, म्हणजे सेहेचाळीस पौंड जास्त. तिचा आकडा मी दोन वर्षांपूर्वीचा धरतो, हॉस्पिटलातले नंतरचे धरत नाही. स्वयंपाकघरात मी ही बेरीज करत होतो तेव्हा ती म्हणाली, "बिडाचा तवा घरी ठेव." मग हसून म्हणाली, "नाहीतर मलाच ठेव."

कागदापेक्षा माझा भरवसा काट्यावर, हे तुला माहीत आहे. एकतीस वर्षं मी धान्याच्या कोठारावर गव्हाचे ट्रक तोलले. मंगळवारी दुपारी आम्ही तिथेच गेलो. आता तिथे डेल बसतो, माझ्याच हाताखाली शिकलेला. तुझी आई शेजारी बसून गुणगुणत होती. तिने खिडकीतून डेलला हात केला. त्याने केला नाही. मला राग आला.

पिकअप नुसती ७,४०० भरते, म्हणजे एकूण १०,४१०च्या वर जायला नको. काट्यावर आले १०,३२०. पिकअप, कॅम्पर आणि मी, एवढंच. मी आईला उतरायला सांगितलं. १०,३२०. पुन्हा चढायला सांगितलं. १०,३२०. एरवी कोणी आत चढलं की गाडी जराशी दबते. ती चढताना दबली नाही. मी ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

"काटा अडकलाय रे," मी डेलला ओरडून सांगितलं. तो बाहेर आला आणि काट्याच्या फळीवर उभा राहिला. १०,५००. डेल एकशेऐंशीचा आहे.

"काटा ठीक आहे, बॉस," तो म्हणाला. मग आईच्या खिडकीशी येऊन, तिच्या आरपार माझ्याकडे बघत त्याने हळूच विचारलं, "मघापासून कुणाला चढवताय, उतरवताय?"

आई म्हणाली, "त्याला त्रास देऊ नकोस, ऑरिन. बसतंय ना वजनात? मग झालं तर." तिला जराही नवल वाटलं नव्हतं. तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

घरी येताना मी उजवीकडे बघितलं नाही. तिचं गुणगुणणं चालू होतं. यलोस्टोन नदीच्या पुलावर ते थांबलं. पूल ओलांडून मी गाडी कडेला घेतली आणि मग बघितलं. सीट रिकामी होती. पट्टा लावलेला होता, सीटला घट्ट चिकटून. मी तो काढला. त्यानंतर ती घरात आलेली नाही.

मार्चपासून तू सांगते आहेस, पाद्री सांगून गेले, शेजारची इर्मा सांगते. मार्लिसच्या दफनाच्या दिवशी मी स्वतः माती टाकली. तरी मी सगळ्यांना नुसती मान डोलवत आलो. पण त्या काट्याने एकतीस वर्षांत मला एकदाही फसवलेलं नाही, कॅरिन. त्याच्याशी मी वाद घालू शकत नाही. ऑरेगनचा समुद्र तिला पुन्हा बघायचा होता. मी जाणार आहे. एकट्याने जायची मात्र हिंमत होत नाही, म्हणून हे पत्र. स्पोकेनला थांबून तुला घेतो. येशील ना? तुझं वजन कळव, खरं खरं. माझ्याकडे नव्वद पौंड शिल्लक आहेत. बाकीच्यासाठी मी पाणी कमी भरीन.

तुझाच,
बाबा