प्रतिभा चौरे यांच्याविरुद्धची तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार अधिकारी,
सुनिदान देयक व संकेतांक सेवा,
मुख्य कार्यालय, पुणे.

विषय : कु. निहारिका महाशब्दे (वय २६) हिच्या आरोग्य तपासणीच्या बिलावरील संकेतांक झेड ८०.३ खरा असल्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराची दि. १८ फेब्रुवारीची तक्रार व दि. २४ फेब्रुवारीचे शपथपत्र.

महोदय,

अर्जदार श्रीकांत महाशब्दे, वय ६३, राहणार माधव नगर, उज्जैन, हा विद्युत मंडळातून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झालेला आहे. एकतीस वर्षे त्याने लोकांच्या घरात शिरून वीजचोरी पकडली. माणूस काय बोलतो ते ऐकायचे नाही, तार कुठून येते ते पाहायचे, हा त्या नोकरीतला स्वभाव निवृत्तीनंतर त्याच्याबरोबर घरी आला. हे कारण म्हणून सांगत नाही, आपल्या माहितीसाठी सांगत आहे.

अर्जदाराची कन्या निहारिका हिने ११ फेब्रुवारीस येथील एका रुग्णालयात प्रतिबंधात्मक तपासणी करून घेतली. तेथील बिलांचे काम आपल्या संस्थेकडे आहे. धडधाकट मुलीला तपासणी कशाला, हा अर्जदाराचा पहिला संशय. तिच्या टेबलावरचे बिल त्याने वाचले, तेव्हा नेहमीच्या तपासणीच्या संकेतांकाखाली झेड ८०.३ असा आणखी एक संकेतांक आणि त्यापुढे छातीची सोनोग्राफी आढळली. ओळखीच्या औषधवाल्याकडून अर्थ कळला : कुटुंबात स्तनाचा कर्करोग. अर्जदाराच्या घराण्यात किंवा पत्नी सौ. अलका यांच्या माहेरी हा रोग कोणालाच नाही. तेव्हा तरुण मुलींना भीती घालून जादा तपासण्या लावायचा हा धंदा आहे, असे त्याने धरून टाकले.

काउंटरवर आपल्या कर्मचारी कु. प्रतिभा चौरे होत्या.

"ये कोड किसने डाला?" अर्जदाराने विचारले.

"डॉक्टर साहब की पर्ची देखकर मैंने डाला, अंकल."

"पर्ची दिखाओ."

"वो मैं नहीं दिखा सकती. आप बेटी से पूछ लीजिए."

इतके सरळ उत्तर अर्जदाराला पढवलेले वाटले. घरी विचारले तर निहारिका म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. माझं बिल आहे, मी बघीन." मग तर संशय दुणावला. त्याने आपणाकडे तक्रार केली. डॉक्टरांची ती चिठ्ठी दप्तरात असल्याचे आपण कळवलेत, त्यावर ती मागाहून बनवून जोडली आहे आणि कुटुंबात असा रोगी कोणीही नाही, असे त्याने शपथेवर लिहून दिले. त्या शपथपत्रावरून २७ फेब्रुवारीस कु. प्रतिभा यांना चौकशी होईपर्यंत घरी बसवण्यात आले. त्या दिवशी अर्जदाराला जेवण गोड लागले, हे येथे नमूद करणे भाग आहे.

२ मार्चला सकाळी सौ. अलका व निहारिका "नानाखेड्याला जयूवन्संकडे जाऊन येतो" असे सांगून निघाल्या. त्यांची रिक्षा मात्र देवास गेटकडे वळली. अर्जदार दुसऱ्या रिक्षाने मागोमाग गेला. एका गल्लीतल्या जिन्यावरून त्या ज्या खोलीत शिरल्या, तिच्या दारावर 'चौरे' अशी पाटी होती. तिघींचे संगनमत आता पुराव्यासकट सापडले, अशा खात्रीने त्याने फोनचे रेकॉर्डिंग सुरू केले आणि दार ढकलले.

आत सौ. अलका कु. प्रतिभा यांचे दोन्ही हात धरून माफी मागत होत्या. अर्जदाराला पाहून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं आलात. चिठ्ठी खरी आहे. मला आहे तो रोग. जानेवारीत बहिणीकडे म्हणून इंदूरला गेले, तेव्हाच तुकडा काढून तपासला."

अर्जदाराने विचारले, मला का नाही सांगितले? तेव्हा त्या म्हणाल्या, "भय्यासाहेबांच्या वेळी तुम्ही काय केलंत?" भय्यासाहेब हे अर्जदाराचे थोरले बंधू. डॉक्टर विनाकारण ऑपरेशन करतात अशा संशयाने अर्जदाराने त्यांना रुग्णालयातून उठवून घरी आणले होते. ते पंधरवड्यात गेले. "माझ्या डॉक्टरची उलटतपासणी व्हायच्या आत मला ऑपरेशनची तारीख घ्यायची होती," सौ. अलका म्हणाल्या. आईला निघाले म्हणून डॉक्टरांनी मुलीलाही तपासून घ्यायला सांगितले होते, आणि म्हणून तो संकेतांक. निहारिकेला काही निघाले नाही, हेही त्याला त्याच खोलीत कळले.

कु. प्रतिभा यांनी अर्जदारापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्याने त्यांना विचारले, एक शब्द सांगितला असतात तर नोकरीवर गदा आली नसती, का नाही सांगितलेत? त्या म्हणाल्या, "आंटी की बात थी अंकल, मेरी थोड़े ही थी."

सौ. अलका यांचे ऑपरेशन १० मार्चला इंदूरला झाले. त्या घरी आल्या आहेत, पुढचा रिपोर्ट यायचा आहे. अर्जदार रोज ड्रेसिंगला घेऊन जातो आणि दाराबाहेर बसतो.

तरी अर्जदाराची तक्रार पूर्णपणे खोटी ठरवावी, चुकीच्या शपथपत्राबद्दल जी कारवाई व्हायची ती त्याच्यावर करावी, आणि कु. प्रतिभा चौरे यांना त्याच काउंटरवर, घरी बसवलेले दिवस कामाचे धरून, परत घ्यावे. त्यांनी हा अर्ज करण्यास सांगितलेले नाही. उलट "आप आंटी को संभालिए, मेरा मैं देख लूँगी" असे म्हणून त्यांनी अर्जदाराला जिन्यापर्यंत पोचवले. आपण त्यांच्या म्हणण्यावर जाऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
नम्र अर्जदार
श्रीकांत महाशब्दे
उज्जैन, दि. १७ मार्च २०२५

सोबत :
१. दि. २४ फेब्रुवारीच्या शपथपत्राची प्रत, रद्द असा शेरा मारून.
२. आजाराचा उल्लेख करण्यास सौ. अलका महाशब्दे यांचे संमतिपत्र. पाकीट त्यांनी स्वतः चिकटवून दिले आहे. आत आणखी काय लिहिले आहे ते अर्जदाराने पाहिलेले नाही.